क्रमवारीतला ३५५वा: स्पेनच्या मागल्या फळीतील टेनिसपटूची कारकीर्द कशी मोजावी?

मुलुंडकर विचारतात:

नमस्कार. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे आणि गेली पाच वर्षे टेनिस खेळतो आहे. राज्य पातळीवर त्याचे बरे चालले आहे. त्याच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की पुढे जायचे असेल तर दोनेक वर्षांत स्पेनमधल्या एखाद्या अकादमीत पाठवण्याचा विचार करावा. माझी बहीण आणि मेहुणे दोघेही नोकरदार आहेत, त्यामुळे हा विचार म्हणजे घर गहाण ठेवण्याचा विचार आहे, हे वेगळे सांगायला नको.

या निमित्ताने मी गेल्या काही वर्षांच्या फ्रेंच ओपनच्या पात्रता फेरीच्या (म्हणजे मुख्य फेरीत जागा मिळवण्यासाठी आधी होणाऱ्या सामन्यांच्या) याद्या चाळल्या. त्यांत स्पेनची कितीतरी नावे होती आणि त्यांपैकी एकही मला ओळखीचे नव्हते. ही सगळी मुले त्याच लाल मातीवर, तशाच अकादम्यांमध्ये घडलेली असणार. ती जगात दीडशेव्या, अडीचशेव्या, चारशेव्या स्थानावर का थांबतात, आणि थांबल्यावर त्यांचे काय होते? अडीचशेव्या क्रमांकाला ‘कारकीर्द’ म्हणायचे, की ती हुकलेल्या कारकिर्दीची पावती समजायची? नदाल आणि अल्कराझ यांच्याविषयी भरपूर वाचून झाले आहे, म्हणून कृपया त्यांना शक्यतो बाजूला ठेवून कोणी सांगू शकेल का?

बेसलाइन:

आधी एक बारीक तक्रार नोंदवतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आपल्याकडे वर्तमानपत्रे ‘रँकिंग’ आणि ‘सीडिंग’ या दोन्हींसाठी सर्रास ‘मानांकन’ हा एकच शब्द वापरतात. मानांकन म्हणजे सीडिंग, ते एका स्पर्धेपुरते असते: तगडे खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून दिलेला अग्रक्रम. क्रमवारी, म्हणजे रँकिंग, ही गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम निकालांच्या गुणांची बेरीज असते आणि ती दर सोमवारी बदलते. म्हणजे क्रमवारीतला आकडा खेळाडू किती चांगला आहे हे सांगत नाही. गेल्या वर्षभरात तो कोर्टावर किती उभा राहू शकला आणि त्यातून किती गुण राखू शकला, एवढेच सांगतो. गेल्या वर्षी जिंकलेले गुण त्याच आठवड्यात गळून पडतात, ते पुन्हा मिळवावे लागतात. आपल्याकडे भिशीचा हप्ता चुकला की जशी पंचाईत होते तसेच हे आहे, फरक इतकाच की इथे हप्ता दर आठवड्याला.

आता पाब्लो आन्दुहारची गोष्ट सांगतो. जन्म १९८६, गाव क्वेन्का. मोठ्या नावांच्या मागे जी स्पॅनिश फळी असते तिच्यातला हा माणूस: मातीवर चिवट, इतर पृष्ठभागांवर बेताचा. २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने कासाब्लांकाची स्पर्धा जिंकली. २०१३ मध्ये माद्रिदला त्याला वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी क्रमवारी न पाहता दिलेल्या थेट प्रवेशावर) घ्यावे लागले आणि तिथे तो थेट उपांत्य फेरीत जाऊन नदालकडून हरला. २०१४ च्या फेब्रुवारीत रिओ दि जानेरोच्या उपांत्य सामन्यात त्याच नदालविरुद्ध त्याच्या हातात दोन मॅच पॉइंट होते (म्हणजे आणखी एक गुण जिंकला की सामना खिशात), पण शेवटच्या टायब्रेकमध्ये तो हरला. त्याच वर्षी त्याने श्टाडची स्पर्धा जिंकली, २०१५ मध्ये बार्सिलोनाच्या अंतिम फेरीत केई निशिकोरीकडून हरला आणि जुलैमध्ये ३२व्या स्थानावर पोहोचला. ती त्याची सर्वोच्च जागा.

त्यानंतर कोपर गेले. दोन वर्षांत तीन शस्त्रक्रिया झाल्या. टेनिसमध्ये कोपराची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे ज्याने सर्व्हिस करताना कोपरात कळ आलेली सोसली आहे त्यालाच कळेल. खेळणे थांबल्यावर गुण गळत गेले आणि २०१८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत तो क्रमवारीत १,८२४ व्या स्थानावर होता. या आकड्याचा अर्थ असा, की नुकती दाढी फुटलेली आणि आयुष्यात एखाद-दुसरा गुण मिळवलेली पोरेही त्याच्या पुढे होती.

एप्रिल २०१८ मध्ये माजी फ्रेंच ओपन विजेत्या हुआन कार्लोस फेरेरोच्या अकादमीच्या परिसरात, आलिकान्ते प्रांतात, एक नवी चॅलेंजर स्पर्धा (मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालची) सुरू झाली. आन्दुहार तिथे खेळला आणि अंतिम सामन्यात ॲलेक्स डी मिनॉरला हरवून जिंकला. (याच स्पर्धेत पुढच्या वर्षी पंधरा वर्षांच्या अल्कराझने सतरा वर्षांच्या सिनरला हरवले. नाव बाजूला ठेवा म्हणालात तरी हे सांगितल्याशिवाय राहवले नाही.) त्या विजयाने तो ३५५ वर आला. लगेच पुढच्या आठवड्यात मोरोक्कोत माराकेशची स्पर्धा होती. दीर्घ दुखापतीनंतर परतणाऱ्या खेळाडूला जुन्या क्रमवारीच्या आधारे काही स्पर्धांत थेट प्रवेश मिळतो, त्याला संरक्षित क्रमवारी म्हणतात. त्या तरतुदीवर तो मुख्य फेरीत गेला आणि अंतिम सामन्यात काईल एडमंडला ६-२, ६-२ असे हरवून स्पर्धा जिंकून बाहेर आला. १९९८ मध्ये सोळा वर्षांच्या लेटन ह्युइटने ५५०व्या स्थानावरून ॲडलेडला विजेतेपद मिळवले होते. त्यानंतर इतक्या खालच्या क्रमांकाच्या कोणी एटीपी दौऱ्यावरची, म्हणजे पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्यावरची, स्पर्धा जिंकली नव्हती. गंमत अशी की माराकेशची ही स्पर्धा म्हणजे पूर्वीची कासाब्लांकाचीच. ती २०१६ मध्ये गाव बदलून तिथे गेली. म्हणजे त्याच्या चारांपैकी तीन विजेतेपदे एकाच स्पर्धेतली आहेत. सोमवारी तो ३५५ वरून १५४ वर गेला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. रविवारच्या अंतिम सामन्याला उतरताना आन्दुहार ‘३५५व्या क्रमांकाचा खेळाडू’ होता. तो आकडा खोटा नव्हता, पण त्याच्यावरून त्याच्याविषयी काही कळलेही नसते. पुढे २०१९ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत गेला. २०२१ च्या मे महिन्यात जिनिव्हात त्याने फेडररला तीन सेटमध्ये हरवले आणि दोन आठवड्यांच्या आत पॅरिसमध्ये पहिले दोन सेट गमावूनही डॉमिनिक थीमला बाहेर काढले. थीम तेव्हा चौथा मानांकित होता. (इथे मात्र ‘मानांकित’ हाच शब्द बरोबर आहे.)

गटिंगवाला:

बेसलाइन यांनी छान लिहिले आहे, पण मुलुंडकरांनी विचारलेला खेळाडू हा नव्हे. मी तीन हंगाम पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये रॅकेटला गट (म्हणजे तारा) भरण्याच्या टेबलावर मदतनीस म्हणून बसलो आहे. त्या टेबलावर खेळाडूची क्रमवारी न विचारता कळते. वरच्या फळीतला माणूस संध्याकाळी पाच-सहा रॅकेटी ठेवून जातो, ताण किती हवा ते चिठ्ठीवर लिहितो आणि निघून जातो. खालच्या फळीतला उभा राहतो.

एक स्पॅनिश मुलगा मला अजून आठवतो. वय पंचविशीच्या पुढे असावे. त्याने तीन रॅकेटी आणल्या, एकीची तार तुटलेली होती. दर विचारला, मनातल्या मनात युरोत हिशेब केला आणि तुटलेली तेवढी ठेवली. मग उरलेल्या दोन कानाशी धरून तळहाताने तारा ठोकून आवाज ऐकला, आणि थोड्या वेळाने दुसरीही ठेवली. तिसरी परत नेली. उभ्या तारा एका रिळाच्या आणि आडव्या दुसऱ्या, स्वस्त रिळाच्या, आणि दोन्ही रिळे त्याने स्वतःच्या पिशवीतून काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पात्रता फेरीत जिंकला, दुपारी दुहेरीत हरला, आणि संध्याकाळी कुंपणाच्या जाळीवर त्याचे दोन शर्ट आणि टोपी वाळत होती. सोबत प्रशिक्षक नव्हता. सरावाला जोडीदार म्हणून त्याने आदल्या दिवशी ज्याला हरवले त्यालाच धरले होते.

आता पैशांचे गणित. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असते. ऐकायला बरी वाटते. पण ती सगळ्यांत वाटली जाते तेव्हा एकेरीच्या विजेत्याच्या हातात साधारण २,१०० ते २,२०० डॉलर येतात आणि मुख्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्याला दीडशेच्या आसपास. त्यातून कर, प्रवास, हॉटेल, जेवण, आणि हो, गटिंग. म्हणजे आठवडाभर एकही सामना न हरणारा माणूससुद्धा विमानाने आलेला असेल तर जेमतेम बरोबरीत सुटतो.

याउलट ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत पहिल्याच सामन्यात हरलेल्याला २०२४ मध्ये ३१,२५० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, तर त्याच वर्षी विम्बल्डनच्या मुख्य फेरीत पहिल्या सामन्यात हरलेल्याला ६०,००० पौंड. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीचे दार साधारण पहिल्या सव्वादोनशे-अडीचशेपर्यंत उघडते. त्यामुळे २४०वा आणि २८०वा यांच्या खेळात तुम्हाआम्हाला फरक दिसणार नाही, पण त्यांच्या वर्षाच्या जमाखर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. वर्षातून चार वेळा पात्रता फेरीत उभे राहता आले, की बाकी अठ्ठेचाळीस आठवड्यांची तिकिटे निघतात. २०२४ पासून एटीपीने किमान उत्पन्नाची हमी देणारी योजनाही आणली. त्या वर्षी पहिल्या शंभरांना तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ ना दीड लाख आणि १७६ ते २५० ना पंचाहत्तर हजारांची हमी होती. रेघ पुन्हा अडीचशेवरच ओढली आहे, हे लक्षात घ्या.

मग २५० च्या खालचा स्पॅनिश खेळाडू जगतो कसा? माझ्या मते उत्तर भूगोलात आहे. स्पेनमध्ये या खालच्या स्पर्धा वर्षभरात डझनांनी होतात, आणि पोर्तुगाल, फ्रान्स, इटली, मोरोक्को हाकेच्या अंतरावर आहेत. मंगळवारी हरला तर बुधवारी रेल्वेने घरी, आणि गुरुवारी आपल्याच तोडीच्या चार जणांबरोबर सराव. उन्हाळ्यात जर्मनीच्या क्लब लीगमध्ये सामन्यामागे ठरलेले मानधन मिळते आणि फ्रान्समध्येही क्लबांचे सामने असतात. बऱ्याच जणांचा वर्षाचा खर्च त्यातूनच भागतो, फक्त क्रमवारीच्या गुणांत त्यांतले काही दिसत नाही. आपल्या मुलाची हार मात्र फार महाग पडते, कारण प्रत्येक हार विमानाच्या तिकिटावर लिहिलेली असते.

तार्बची_थंडी:

मुलुंडकर, भाचा तेरा वर्षांचा आहे असे तुम्ही लिहिलेत, म्हणून कार्लोस बोलुदाविषयी लिहिते. फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी तार्ब नावाचे गाव आहे. तिथे दर हिवाळ्यात चौदा वर्षांखालील मुलामुलींची ‘ले पेटिट्स ॲस’ ही स्पर्धा भरते, आणि या वयोगटात जगात तिच्याइतका मान दुसऱ्या कुठल्या स्पर्धेला नाही. नदालने ती २००० मध्ये जिंकली होती. आलिकान्तेकडच्या बोलुदाने ती २००६ मध्ये जिंकली आणि २००७ मध्ये पुन्हा जिंकली. वयाची अट पाहता ही स्पर्धा दोनदा जिंकायची तर पहिल्या खेपेला आपल्यापेक्षा वर्षाने मोठ्या मुलांना हरवावे लागते. साहजिकच स्पेनच्या वृत्तपत्रांनी त्याला ‘नवा नदाल’ ठरवून टाकले. तेरा वर्षांच्या मुलाला!

व्यावसायिक टेनिसमध्ये त्याची सर्वोच्च जागा २५४ राहिली. २०२१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो थांबला.

याची कारणमीमांसा करणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाजवळ एकेक सोपे उत्तर आहे. मला त्यांतले कुठलेच पुरेसे वाटत नाही. मला एवढेच दिसते, की चौदाव्या वर्षी जो मुलगा अंगाने लवकर भरलेला असतो, ज्याला चेंडू दहा वेळा पलीकडे टाकण्याचा कंटाळा येत नाही, त्याला त्या वयात हरवणे फार अवघड असते. अठराव्या वर्षी बाकीचेही भरतात आणि त्यांनाही कंटाळा येईनासा होतो. स्पॅनिश पद्धतीचे प्रशिक्षण ज्या गुणांवर उभे आहे, म्हणजे पायांची हालचाल, संयम, जड फिरकीचा फोरहँड, ते गुण तिथे इतक्या जणांत असतात की त्यांच्या जोरावर वेगळे उठून दिसता येत नाही. त्या पद्धतीने अडीचशेवा खेळाडू घडतो तो जवळजवळ हमखास. पुढचे जे काही लागते ते अकादमीच्या शुल्कात येत नाही.

तरीही बोलुदा ‘वाया गेला’ असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. जगात त्या घडीला २५३ माणसे त्याच्यापुढे होती. आपल्याकडे एखादा डॉक्टर देशात २५४वा असता तर आपण त्याच्या दवाखान्याबाहेर रांग लावली असती. (टेनिसमध्ये त्या जागेवर पोट भरत नाही, हे वर गटिंगवाला यांनी सांगितलेच आहे, आणि ती खेळाडूची चूक नव्हे.)

नेटजवळचा:

बेसलाइन यांच्या उदाहरणावर माझाही आक्षेप आहे. ३२व्या स्थानापर्यंत गेलेला माणूस दुखापतीमुळे खाली आला आणि परत वर गेला, ही गोष्ट सुंदर आहे, पण ती वरच्या फळीतल्या माणसाची गोष्ट आहे. त्याच्याजवळ संरक्षित क्रमवारी होती, शस्त्रक्रियांना पुरतील इतके आधी कमावलेले पैसे होते. जो कधी २५० च्या वर गेलाच नाही, त्याचे कोपर गेले तर तो परतत नाही आणि कोणाला कळतही नाही.

माझे उदाहरण कार्लोस गोमेझ-एरेराचे. मार्बेयाचा, १९९० चा जन्म. एकेरीत पहिल्या अडीचशेत कधी आला नाही. पण जोकोविच मार्बेयात सरावाला असायचा आणि त्याला समोर उभा राहणारा माणूस लागायचा. मैत्री झाली. २०२१ च्या जूनमध्ये, फ्रेंच ओपन जिंकून आल्यावर, गवताची सवय व्हावी म्हणून जोकोविच मायोर्काच्या स्पर्धेत फक्त दुहेरी खेळला, आणि जोडीदार म्हणून त्याने याला घेतले. दोघे अंतिम फेरीत पोहोचले. अंतिम सामना झालाच नाही, कारण गोमेझ-एरेराचा पाय दुखावला. बोलेल्ली आणि मॅक्सिमो गोन्झालेझ न खेळताच विजेते झाले. एटीपी दौऱ्यावरचा पहिलावहिला अंतिम सामना, शेजारी जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, आणि पाय साथ देत नाही. त्या दिवशी त्याला काय वाटले असेल याचा विचार मी अधूनमधून करतो.

पुढे तो जोकोविचच्या चमूत प्रशिक्षक म्हणून दिसू लागला. ‘थांबल्यावर त्यांचे काय होते’ याचे हे एक उत्तर आहे. सरावाचा जोडीदार, प्रशिक्षक, अकादमीतला शिक्षक: स्पेनमध्ये हा व्यवसाय एवढा मोठा आहे की चारशेव्या क्रमांकाच्या माणसालाही त्याच्या ज्ञानाचे मोल मिळते. मुलुंडकर, तुमच्या भाच्याला तिथे जो शिकवेल तो बहुधा याच याद्यांमधला एखादा असेल.

बेसलाइन:

नेटजवळचा यांचा आक्षेप मान्य आहे. संरक्षित क्रमवारी ही वर जाऊन आलेल्यांचीच सोय आहे. तरी एक बाजू मांडतो. आन्दुहारला माराकेशपर्यंत पोहोचवले ते फेरेरोच्या अकादमीतल्या त्या चॅलेंजरने. तिथे आठवडाभर सामने खेळायला मिळाले नसते तर संरक्षित क्रमवारीचा कागद घेऊन तो पहिल्या फेरीत हरून परत आला असता. अशी स्पर्धा घराजवळ असणे ही गोष्ट ३२व्या आणि ३२०व्या, दोघांनाही सारखीच उपयोगी पडते.

आपल्याकडचा दाखला द्यायचा तर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याची चॅलेंजर स्पर्धा मोनॅकोच्या व्हालेंतां व्हाशरोने जिंकली. बालेवाडीच्या प्रेक्षागारात तेव्हा किती जणांनी त्याचे नाव लक्षात ठेवले असेल? ऑक्टोबर २०२५ मध्ये २०४व्या स्थानावरून त्याने शांघाय मास्टर्स जिंकली (मास्टर्स म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखाल मानाच्या स्पर्धा). मास्टर्स जिंकणारा इतक्या खालच्या क्रमांकाचा खेळाडू त्याआधी झालेला नाही.

आणि परदेशी अकादमीचा विचार करताना पुण्याच्या मानस धामणेकडेही पाहावे. तो इटलीतल्या बोर्दिगेराला रिकार्डो पियाटींच्या अकादमीत गेला, आणि २०२३ मध्ये पंधराव्या वर्षी बालेवाडीला एटीपी स्पर्धेच्या मुख्य फेरीत वाइल्ड कार्डवर खेळला. मायकेल मोकडून तो सरळ सेटमध्ये हरला, पण तो सामना मी पाहिला आहे आणि चेंडूचा आवाज वेगळा होता एवढे सांगू शकतो.

मुलुंडकर:

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी हा सगळा धागा भाच्याला वाचून दाखवला. फेडररला हरवल्याचे ऐकून त्याचे डोळे चमकतील असे वाटले होते, पण त्याने मधेच थांबवून विचारले, “मामा, त्या मुलाने तिसरी रॅकेट का नेली परत?” मी म्हणालो, पैसे वाचवायला. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग स्वतःच्या पिशवीतून रॅकेटी काढून त्यानेही कानाशी धरून तारा ठोकून पाहिल्या.

बहिणीशी बोलून स्पेनचा विषय सध्या पुढच्या वर्षावर ढकलला आहे. तोवर त्याला इथल्या स्पर्धा दाखवाव्यात असे ठरले. पुण्याच्या चॅलेंजरला कोणत्या दिवशी नेलेले बरे?

गटिंगवाला:

रविवारी सकाळी, पात्रता फेरीला. अंतिम सामन्याला नेऊ नका, त्या दिवशी गर्दी असते आणि ज्यांच्याविषयी आपण बोललो ते तोवर पुढच्या गावाला गेलेले असतात. मुख्य कोर्ट सोडून बाजूच्या कोर्टांवर जा. तिथे कुंपणाला चिकटून उभे राहता येते आणि सर्व्हिसआधी खेळाडू स्वतःशी काय पुटपुटतो तेही ऐकू येते. भाच्याला त्याच्या रॅकेटी बरोबर आणायला सांगा. टेबलावर मी असेन तर ताण किती ठेवावा ते पाहून देईन.